कडेला कोण आहे

"एकच मागतोय मी! माझ्या पोरीचा एकच फोटो!"

"रोलमध्ये एकच उरलाय, अरोक. छत्तिसावा. तो उद्याच्या लोकांचा आहे."

"आणि मी कोण रे तुझा? परवाच्या लोकांतला?"

आफ्रिकेतल्या काकुमाच्या निर्वासित छावणीत दोन झोपड्यांच्या मध्ये काटेरी फांद्यांचं कुंपण असे. ते शेळ्या अडवायचं, शब्द नाही. मी अलीकडे मक्यातले खडे वेचत बसले होते आणि पलीकडे ते दोघे सख्खे भाऊ आवाज दाबून भांडत होते. आवाज दाबून भांडणारी माणसं ओरडणाऱ्यांपेक्षा जास्त ऐकू येतात.

अरोक थोरला. त्याच्या पाच वर्षांच्या अधेलला चार दिवस ताप होता. धाकटा मकुएई. त्याच्याकडे कॅमेरा होता, अख्ख्या आमच्या भागात एकच.

"न्यांकीर म्हणते, पोरगी आता राहत नाही," अरोक म्हणाला. न्यांकीर म्हणजे त्याची बायको. "तिला पोरीचं तोंड हवंय. ठेवायला."

"असं अभद्र बोलू नका रे. तापाने सुजलेल्या तोंडाचा कसला फोटो? मंगळवारी किटालेहून नवा रोल येतोय. तोवर ती उठून शेळ्यांमागे पळेल. मग एक सोडून दहा काढतो."

"तू आईच्या दुधावर वाढलास की दगडाच्या?"

"दादा, सात माणसांच्या अर्जाचा फोटो आहे. उद्या दिला नाही तर त्यांची पाळी जाते. पुढची पाळी कधी येईल, देवाला ठाऊक."

अरोक थुंकल्याचा आवाज तेवढा आला.

ती सात माणसं म्हणजे आम्ही. मी, माझा नवरा, सासू आणि चार पोरं. मला नुसतं उठून कुंपणावरून म्हणायचं होतं, 'दे रे बाबा पोरीला, आमचं बघू पुढे.' नाही म्हटलं. मका निवडत राहिले. एवढा स्वच्छ मका आमच्या घरी त्याआधी कधी शिजला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सात जण निळ्या ताडपत्रीसमोर खांबासारखे उभे राहिलो आणि छत्तिसावा आमचा झाला.

अधेल रविवारी गेली. वाटेत लुटारूंनी बस अडवली, म्हणून रोल मंगळवारऐवजी गुरुवारी आला.

मकुएई गेल्या फेब्रुवारीत गेला. इथे मेलबर्नमध्ये आमच्या लोकांनी त्याच्याबद्दल पुष्कळ चांगलं सांगितलं, ढोल वाजले, पाद्रीबाबा बोलले. पण छत्तिसाव्या फोटोचं कोणी सांगितलं नाही, कारण ते माहीत असलेली माणसं आता दोनच. एक न्यांकीर, ती बोलणार नाही. दुसरी मी.

मकुएई म्हणजे पांढऱ्या तोंडाचा काळा बैल. आमच्यात पोरांना बैलांच्या रंगाची नावं ठेवतात. लहानपणी त्याच्यात पांढरं काही नव्हतं, बापाने कुठल्या आवडत्या बैलावरून ठेवलं असेल. म्हातारपणी मात्र केस, भुवया, दाढीचे खुंट, सगळं पांढरं झालं आणि मग आम्ही म्हणायचो, "बाबा रे, शेवटी बापाचं ऐकलंस."

त्याला कॅमेरा दिला तो मायदेशी परत जाणाऱ्या एका मदतवाल्या माणसाने. वापरायचं शिकला तो स्वतःच, दोन रोल वाया घालवून. छावणीत तेव्हा एकच स्वप्न होतं, अर्ज. कुठल्यातरी देशाने आम्हाला घ्यावं म्हणून अर्ज, आणि अर्जाला कुटुंबाचा फोटो. रेशनच्या कार्डावर जेवढी नावं, फोटोत तेवढीच तोंडं. एक कमी चालायचं नाही, एक जास्त तर अजिबातच नाही.

सुरुवातीला त्याला हे कळलं नव्हतं. एका घराच्या फोटोत शेजारचं पोर कडेने डोकावलं, दात काढून. मुलाखतीला साहेबाने त्या पोरावर बोट ठेवलं. हा कोण? कार्डावर का नाही? कोणाचा लपवलात? घरच्यांनी घाबरून तीन जणांनी तीन उत्तरं दिली. त्यांचा अर्ज तीन वर्षं पडून राहिला. त्यातली आजी तिथेच वारली.

तेव्हापासून मकुएई कडेचा वैरी झाला. ताडपत्री दोन काठ्यांना ताणून बांधायचा, समोर काठीने मातीत रेघ ओढायचा, दोन्ही बाजूंना बाभळीच्या फांद्या टाकायचा. आणि पोरं! छावणीत कॅमेरा निघाला की गुळाला मुंगळे लागावेत तशी पोरं. "हट! व्हा तिकडे! तुमच्यामुळे कोणाचा तरी देश जाईल!" असं ओरडत तो त्यांना हाकलायचा. अधेल त्याची सख्खी पुतणी, पण रेघेपलीकडे तीही तशीच. "काका, मी पण?" "तू पण. हट."

त्याचे फोटो म्हणून स्वच्छ असायचे. ताठ माणसं, निळी ताडपत्री, कडेला कोणी नाही. फोटो देतानाही त्याची एक रीत होती. माणसाच्या हातात लगेच द्यायचा नाही. आधी फोटोकडे बघायचा, मग माणसाकडे, आणि विचारायचा, "तूच ना?" समोरच्याने "मीच" म्हटलं की मग द्यायचा. एकदा एकाचा फोटो दुसऱ्याच्या अर्जाला गेला होता, तेव्हापासूनची सवय. ती शेवटपर्यंत राहिली.

त्या छत्तिसाव्यावर आम्ही नोबल पार्कला आलो. मेलबर्नच्या या टोकाला तेव्हा आमची दोन-चारच घरं होती. चार वर्षांनी मकुएई आला, मांडीवर तेलाचा पत्र्याचा डबा घेऊन. डब्यात छावणीतल्या सगळ्या निगेटिव्ह. विमानतळावरच्या बाईने डबा हुंगून पाहिला, तिला वाटलं बिया-बिया असतील. तो म्हणाला, "बाई, यात माणसं आहेत." तिने त्याला दोन तास बसवून ठेवलं.

त्याच्या पाठोपाठ अरोक आणि न्यांकीरही आले. एकाच वस्तीत, मध्ये तीन गल्ल्या. दोघे भाऊ एकाच चर्चमध्ये जात, एक पुढच्या बाकावर, एक मागच्या. दोघे एकाच कोंबड्यांच्या कारखान्यात थंडीत उभे राहून कोंबड्या कापत, एक पहाटेच्या पाळीला, एक दुपारच्या. अठरा वर्षं एकमेकांशी शब्द नाही. न्यांकीरला पुन्हा मूल झालं नाही.

आता आमच्या एक जानेवारीबद्दल सांगते. आम्ही जन्मलो तेव्हा कोणी तारीख लिहून ठेवली नव्हती. कोणी पुराच्या साली, कोणी गुरांच्या रोगाच्या साली. कागद करणाऱ्यांनी सगळ्यांना एकच दिवस वाटून टाकला, एक जानेवारी. त्यामुळे इथले आमचे सगळे म्हातारे एकाच दिवशी जन्मलेले. "जुळी भावंडं," माझी नात अमेर म्हणते, "साठ-सत्तर जुळी."

त्या दिवशी चर्चमागच्या मैदानात मकुएई सगळ्या म्हाताऱ्यांना रांगेत उभं करून फोटो काढायचा. जानेवारीतलं ऊन, उत्तरेचा भट्टीसारखा वारा, आणि आम्ही लग्नातले कपडे घालून. नियम असा की गेल्या वर्षी जो जिथे उभा होता तिथेच उभा राहायचा. मधल्या वर्षात कोणी गेला असेल तर त्याची जागा मोकळी ठेवायची. सरकून भरायची नाही.

"अरे, सरकू दे की," मी एकदा म्हटलं. "रांग माझ्या तोंडासारखी दिसायला लागली."

"ताई, दात पडला म्हणून शेजारचा दात सरकतो का?"

"माझे पडले नाहीत, सोन्या. बापाने काढले." आमच्यात पूर्वी पोरं मोठी झाली की खालचे दात काढत. म्हणून आमच्या वयाची माणसं फोटोत तोंड मिटून असतात.

आणि दर वर्षी माझ्या शेजारी तो दोन जागा मोकळ्या सोडायचा. त्या मेलेल्यांच्या नव्हत्या. अरोकची आणि न्यांकीरची, जे कधीच आले नाहीत. लोक कुरकुरायचे, तो ऐकायचा नाही. मी त्या दोन जागांच्या शेजारी उभी राहायचे आणि उजव्या खांद्याला वारा लागायचा.

एरवी तो एकेकट्याचेही फोटो काढायचा, घरी जाऊन, न बोलावता. म्हणायचा, मयताच्या दिवशी भिंतीवर लावायला चांगला फोटो हवा. त्यामुळे म्हाताऱ्यांत बोलवा झाली की मकुएई कॅमेरा घेऊन दारात आला म्हणजे तुमचं काही खरं नाही. रेबेका अत्येम तर त्याला बघून न्हाणीघरात लपायची. शेवटी त्याने तिचा फोटो चर्चमध्ये चोरून काढला. ती अजून ठणठणीत आहे.

शनिवारी तो फोटो पोचवायला निघायचा. उशीच्या अभ्र्यात सगळे फोटो, अभ्रा छातीशी, बसने. "तूच ना?" "मीच." चहा प्यायचा, कप स्वतः अंगणातल्या नळावर विसळून द्यायचा, अभ्रा घडी करून काखेत मारायचा, पुढच्या घरी.

अरोक गेला तो कारखान्यातून येऊन खुर्चीत बसल्या बसल्या. मयताला फोटो हवा. घरात एकही नाही. अख्ख्या वस्तीचे फोटो काढणाऱ्याच्या सख्ख्या भावाचा फोटो नाही! शेवटी वस्तीतल्या पोरांनी त्याच्या गाडीच्या परवान्यावरचा मोठा करून आणला. मोठा केल्यावर तोंड पुसट झालं, नाकापाशी सरकारी शिक्का. मकुएई त्या फोटोसमोर बसला होता आणि त्याच्याकडे बघत नव्हता.

आमची रीत अशी की थोरला गेला की धाकट्याने त्याचं घर सांभाळायचं. विधवेला आधार द्यायचा, थोरल्याच्या नावाने. चाळीस दिवसांनी वडीलधारे न्यांकीरच्या गॅरेजमध्ये बसले. मकुएई दाराबाहेर उभा, टोपी हातात. मी चहा देत होते.

न्यांकीरने सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग ती उठून दाराशी आली. दिराशी ती अठरा वर्षांत पहिल्यांदा बोलत होती.

"भावजी, तुम्ही लाकूडफाटा आणाल, औषध आणाल, मला ठाऊक आहे. मला ते नको. मला आता पोरीचं तोंड आठवत नाही. दोन वर्षं झाली. रोज सकाळी उठून आठवते, आणि दुसऱ्याच कोणाच्या पोरीचं येतं. तुमच्या डब्यात सगळ्या जगाची तोंडं आहेत ना? माझ्या अधेलचं घेऊन या. मग उंबऱ्याच्या आत या. तोवर नको."

"वहिनी, तिचा नाही काढला कधी."

"मग झालं तर," असं म्हणून तिने दार लावलं. आत बसलेले वडीलधारे आतच अडकले. मागच्या दाराने गेले बिचारे.

त्या दिवसापासून मकुएईला एकच ध्यास. पोरगी कॅमेऱ्याभोवती रोज असायची. शेकडो फोटोंत कुठे ना कुठे, कडेला, मागे, ती आली असलीच पाहिजे. पण निगेटिव्हवरचा माणूस तांदळाएवढा, आणि त्याचे डोळे तोवर जायला लागले होते. डॉक्टर म्हणाली, डोळ्यात दाब वाढलाय, गेलेलं परत येणार नाही. समोरचं दिसायचं, मधलं. बाजूचं काही नाही. दारातून जाताना चौकट लागायची, शेजारी बसलेला माणूस दिसायचा नाही.

"कडा गेल्या, ताई," तो मला म्हणाला. "मी हाकलल्या ना आयुष्यभर."

मी म्हटलं, "डोळ्याला कुठे कळतंय तेवढं." 

मग नगरपालिकेची बाई आली. आफ्रिकेतून आलेल्या लोकांचा वारसा, त्यांची ओळख, असं काहीतरी प्रदर्शन भरवायचं होतं तिला, सगळे फोटो आमच्याच माणसाने काढलेले. बाई चांगली होती. माझ्या घरातला आमचा सात जणांचा फोटो बघून म्हणाली, "सगळे इतके गंभीर का? हसतानाचे नाहीत का?" अमेरने आम्हाला सांगितलं, ती काय म्हणतेय ते.

मकुएई म्हणाला, "तिला सांग, हसणाऱ्याला कोण घेतं? हसलो असतो तर म्हणाले असते, बरे आहात की, राहा तिथेच."

अमेरने ते किती सांगितलं कोण जाणे. बाई मात्र हसली. तिने लग्नांचे, नाचांचे, मण्यांच्या माळांचे फोटो मागितले. मकुएईने एकच अट घातली. अमेर काम करते त्या वाचनालयात निगेटिव्ह खऱ्या रंगांत मोठी करून पडद्यावर दाखवणारं यंत्र होतं. तिथे डब्यातली प्रत्येक निगेटिव्ह लावायची, सगळ्या, छावणीतल्या. बाईला वाटलं, केवढा उत्साह.

दर बुधवारी दुपारी आम्ही जायचो. अमेर पट्टी सरकवायची, मकुएई पडद्यासमोर, मी त्याच्या बाजूला. त्याला मधलं दिसायचं. ताठ उभी माणसं, एकेकाचं नाव सांगायचा. मग विचारायचा, "कडेला कोण आहे?"

मी बघायचे. "कोणी नाही."

"डावीकडे?"

"बाभळीची फांदी."

"उजवीकडे?"

"काठी. आणि तुझी सावली."

"खाली बघ."

"रेघ आहे. तू ओढलेली."

बुधवारमागून बुधवार. डब्यात एकेचाळीस रोल होते. त्याने खरंच फार चांगलं काम केलं होतं. एक पोर नाही कुठे. हजारो पोरांच्या छावणीत शेकडो फोटो, आणि कडेला एक कान नाही, एक कोपर नाही. पुढे पुढे तो विचारताना आवाज बारीक व्हायला लागला. अमेर माझ्याकडे बघायची, मी तिच्याकडे बघायचे नाही. आमचा छत्तिसावाही आला. मी तेव्हा किती बारीक होते! त्याने विचारलं, "कडेला?" मी म्हटलं, "कोणी नाही." मग राहवलं नाही. म्हटलं, "मकुएई, त्या दिवशी मी कुंपणापलीकडे होते. सगळं ऐकलं होतं मी."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "खडे वेचल्याचा आवाज थांबला होता. नंतर परत सुरू झाला."

अमेरने पट्टी सरकवली.

ऑक्टोबरच्या एका बुधवारी, एकोणतिसाव्या रोलवर, एका म्हाताऱ्या जोडप्याचा फोटो आला. कडेला कोणी नाही. मी सवयीने खाली बघितलं. ताडपत्री जमिनीपासून वीतभर वर होती, वाऱ्याने की काय. आणि ताडपत्रीच्या मागे, त्या वीतभर फटीत, दोन पाय. लहान. टाचा एकमेकींना लागलेल्या, एक अंगठा वर उचललेला.

"मोठं कर ग," मी अमेरला म्हटलं.

पायांत टायरच्या चपला होत्या. छावणीत सगळ्यांच्याच टायरच्या. पण डावीचा पट्टा लाल तारेने बांधलेला. ती तार मी ओळखली. आमच्या बिघडलेल्या रेडिओतली. न्यांकीरने माझ्याकडून मागून नेली होती, पोरीच्या चपलेला.

मकुएईला मी सांगितलं. तो पडद्याच्या अगदी जवळ गेला, नाक लागेल इतका. मधलं दिसत होतं ना त्याला, मग तेच मधे आणलं अमेरने. बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, "मागे लपून उभी होती. मला वाटत होतं, गेली."

अमेर म्हणाली, "आजोबा, चेहरा मागितलाय त्यांनी. पाय दाखवून कसं चालेल?"

"जे आहे ते द्यायचं," तो म्हणाला.

शनिवारी तो निघाला तेव्हा मी सोबत गेले. खरं तर चौकटी सांभाळायला, पण तसं म्हटलं नाही. उशीच्या अभ्र्यात तो एकच फोटो. न्यांकीर अंगणात पालेभाजी निवडत होती. त्याने फोटो बाहेर काढला, त्याच्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. ओठ हलले, पण नेहमीचं "तूच ना?" कसं विचारणार? नुसताच पुढे केला.

न्यांकीरने हात अंगावरच्या कापडाला पुसले, फोटो घेतला. मला वाटलं, रडेल. किंवा फाडेल. तिने तो डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला. पोरीच्या त्या वर उचललेल्या अंगठ्यावर बोट ठेवलं. निलगिरीवर पाखरं कलकलत होती, तेवढाच आवाज.

"पाय मळलेत तिचे," ती म्हणाली.

मकुएईने रिकामा अभ्रा छातीशी धरला.

"सांगितलं असतंत तर धुतले असते मी."

मग फोटोवरून नजर न काढता, "मी चेहरा म्हटलं होतं, भावजी."

"हो, वहिनी."

"आठवत नाहीच अजून."

"हो."

ती आत गेली. दार तिने लावलं नाही, पण ये म्हणालीही नाही. आम्ही दोघं उभेच. थोड्या वेळाने चहाचे दोन कप घेऊन बाहेर आली, दोन्ही पायरीवर ठेवले आणि परत भाजी निवडायला बसली. मकुएई पायरीवर बसला. उंबऱ्याच्या बाहेर, पण पायरीवर. चहा फार गोड होता. न्यांकीरचा चहा नेहमीच फार गोड असतो. फोटो तिने भाजीच्या टोपलीशेजारी उलटा ठेवला होता, ऊन लागू नये म्हणून.

प्रदर्शन झालं. ढोल वाजले, आमच्या पोरी माळा घालून नाचल्या, नगरपालिकेच्या बाईने मकुएईचा हात धरून भाषण केलं. भिंतीवर सगळे हसरे. पायांचा फोटो त्याने दिलाच नव्हता. बाईला तो मागायचा कशाला, हेही कळलं नसतं. तो अर्ध्यातून उठून बाहेर बाकावर जाऊन बसला. मी किसऱ्याच्या पातळ पोळ्यांच्या घड्या आणि शेंगदाण्याची भाजी ताटलीत घालून नेऊन दिली. म्हणाला, "आत फार गर्दी आहे. सगळीकडून माणसं लागतात, दिसत नाहीत."

एक जानेवारीला आम्ही परत जमलो, जुळी भावंडं. बेचाळीस डिग्री. सहा नव्या मोकळ्या जागा. तिपाईवर कॅमेरा, मकुएई मागे वाकलेला. एवढ्यात मैदानाच्या फाटकातून न्यांकीर आली, छत्री घेऊन. कोणाशी बोलली नाही. थेट रांगेपाशी आली, मोकळ्या दोन जागा बघितल्या आणि एकीत उभी राहिली. माझ्या अगदी शेजारची अरोकची, ती मोकळीच ठेवली.

मकुएई वर बघत ओरडला, "ताई, कडेला कोण आहे?"

"न्यांकीर आहे."

तो परत कॅमेऱ्यामागे वाकला. मग म्हणाला, "छत्री मिटा, वहिनी. तोंडावर सावली येते."

तिने मिटली.

"आणखी कोण आहे कडेला? पोरं आहेत का?"

पोरं होतीच. पाच-सहा जण, कोणाकोणाची नातवंडं, दोन्ही बाजूंनी आत घुसली होती. एकाने बर्फाचा गोळा तोंडात धरला होता, एकजण वाकून पायांतून बघत होती. रांगेतल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"कोणी नाही," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की. काढ लवकर, भाजून निघतोय आम्ही."

त्याने काढला.

फोटो छापून यायला तीन आठवडे लागले. जानेवारीचा शेवटचा शनिवार. तो अभ्रा छातीशी धरून माझ्या दारात आला, चौकटीला खांदा आपटून. आमच्या गल्लीतल्यांचे वाटून झाले होते. माझा काढला, त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "तूच ना?" "मीच." चहा प्याला, कप नळावर विसळला.

"आता एकच राहिला," म्हणाला. "येतेस?"

गेले. वारा पडला होता, रस्ते तापलेले. न्यांकीर पायरीवरच बसली होती. आतल्या भिंतीवर, उघड्या दारातून दिसत होतं, अरोकच्या पुसट फोटोशेजारी पायांचा फोटो लागला होता. खाली स्टुलावर तेलाचा दिवा नव्हता, फुलं नव्हती, पाण्याचा एक तांब्या होता, भरलेला, आणि घडी केलेलं फडकं.

मकुएईला ते दिसलं नसावं, ते दाराच्या बाजूला होतं. त्याने फोटो बाहेर काढला. फोटोकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं.

"तुम्हीच ना?"

न्यांकीरने फोटो घेतला. तिची नजर रांगेवरून डावीकडे गेली, मग उजवीकडे. बर्फाचा गोळा, वाकलेली पोरगी. तिने माझ्याकडे बघितलं. मी नकारार्थी मान हलवली, अगदी थोडी.

"मीच," ती म्हणाली.

चहा आला, दोन कप, पायरीवर. फार गोड. मकुएईने संपवला, उठला, अंगणातल्या नळाशी गेला, तोटी चाचपून सापडवली, कप विसळला, उलटा करून पायरीवर ठेवला. रिकामा अभ्रा झटकला, दोन घड्या घातल्या, काखेत मारला.

"बस येईल," म्हणाला, आणि फाटकाकडे निघाला.